उटी

पंखे थांबले तरी लगेच जवळ जायचं नाही.
आधी पाती मोजता आली पाहिजेत.
सहा.
मग मी वाकतो
आणि पुढच्या चाकाला दोन्हीकडून उटी लावतो.

वहीत तिचं नाव चॉक.
पिवळं रबर, मधून दोरी.
सुरुवातीला साहेब ओरडायचे, चॉक लावले का?
मी म्हणायचो, उटी दिली सायेब.
आता तेही उटीच म्हणतात,
विजयवाड्याचे असून.

इथून पंचवीस मिनिटं.

सादिक मुजावर पोटाशी नळी जोडतो
आणि आकड्याकडे बघत उभा राहतो.
गंगावेशीत म्हैस अशीच उभी असते,
पेला भरेस्तोवर शेपूटसुद्धा हलवत नाही.
फक्त इथं धार उलटी,
म्हशीलाच पाजायचं.

शैला हंजे मागच्या दारानं आत शिरते.
आठ मिनिटांत सगळ्या खुर्च्या.
खिशांतून काय काय निघतं:
बाळाचा एक मोजा, अर्धी चिक्की,
कोर्टाच्या तारखेचा कागद.
एकदा कवळी निघाली.
रुमालात बांधून ती पळत बाहेर गेली,
तर आजोबा रिक्षात बसलेले, तोंड मिटून,
पत्ता सांगायचा कसा या विचारात.

गाडीवरून पेट्या येतात.
गोकुळ शिरगावच्या फौंड्रीचा व्हॉल्व्ह,
चौघांनी उचलावा असा,
वर लाल अक्षरात: नाजूक.

सगळे पळत असतात.
मी चाकाजवळ उभा.
काही होऊ नये, एवढंच माझं काम,
आणि ते रोज होतं.

आप्पा बॉक्साइटच्या ट्रकवर किन्नर होते.
आंबा घाटात गाडी दमली
की चालत्या ट्रकमधून उडी टाकायची,
बाभळीची उटी घेऊन मागच्या चाकामागं पळायचं,
गाडी मागं सरायच्या आत.
उजव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली.
ताट तोंडाशी नेताना त्या फटीतून रस्सा गळायचा
आणि आई न बोलता फडकं पुढं सरकवायची.
पळवायला कुणीबी येतंय, ते म्हणायचे,
धराय माणूस लागतंय.
पगार मात्र ड्रायव्हरचाच जास्त होता.

गेल्या दसऱ्याच्या आधी उतरताना टिटवी आली पात्यात.
माणसं बसनं बेळगावला गेली.
विमान राहिलं.
पंचवीस मिनिटांचा पाहुणा,
त्याला मुक्कामाला काय विचारायचं?
दारं लावली, दिवे घालवले,
आणि मी आणि शिपाई चौगुले
दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.

इंजिन टिकटिकत होतं बराच वेळ,
चुलीवरून उतरलेल्या तव्यासारखं.
मग तेही गप्प.
फौंड्रीचा दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला.
दुसरी टिटवी धावपट्टीच्या कडेनं
ओरडत गेली, परत आली, परत गेली.
चौगुले म्हणाला, हिचा जोडीदार असंल.
मी म्हटलं, असंल.
नंतर आम्ही बोललो नाही.
मध्यरात्री उठून एकदा उटीला लाथ मारून पाहिली.
घट्ट होती.
तरी पुन्हा तीनला उठलो.

सकाळच्या विमानानं इंजिनिअर आला,
पातं बदललं, कागद भरले.
दुपारी वैमानिकानं आतून अंगठे बाहेरच्या बाजूला दाखवले.
काढ.
मी दोरी ओढली.

ते गेल्यावर काँक्रीटवर
दोन चौकोनी कोरड्या जागा राहिल्या.
भोवती सकाळी आडवी सर येऊन गेली होती,
मला कळलीच नव्हती.

आप्पांची उटी घरी आहे,
वारा सुटला की दाराला लावतो.
ही झटकायला उलटी केली
तर रबराच्या खाचेत एक पैसा किडा,
गुंडाळी करून.
पावणेचारचं विमान पन्हाळ्याच्या अंगाला दिसायला लागलं होतं.
आधी त्याला गवतात सोडला.